शेवटची आवळणी

इंजिन वाळूवर ओढून आणलं तेव्हा आधी त्याच्या पोटातून एक खेकडा बाहेर पडला. तिरका तिरका धावत तो पाण्याकडे निघाला आणि जमलेली माणसं, का कोण जाणे, त्याला वाट देऊन बाजूला झाली.

चांगुणाकाकी तेवढी हलली नाही. ती इंजिनापाशी जाऊन बसली आणि पदराने त्याच्यावरचा चिखल पुसायला लागली. कालवं चिकटून इंजिनाचा आकारसुद्धा नीट कळत नव्हता. ती पुसत होती, पदर फाटत होता.

"आमचंच हाय," ती म्हणाली. "हे बघा, हितं परशाने शेंदूर लावलेला."

शेंदूर कुठेच नव्हता. दोन पावसाळे ते इंजिन समुद्राच्या तळाशी होतं. पण तिला दिसला, आणि कोणी नाही म्हटलं नाही.

ते आमच्या 'सागरलक्ष्मी' बोटीचं इंजिन होतं. बोट काकीच्या नवऱ्याची, लखमा नाखवाची. त्या दिवशी तिच्यावर तिघं होते: स्वतः नाखवा, त्यांचा मुलगा परशुराम आणि त्यांचा पुतण्या हरेश. हरेश माझा नवरा, बोटीचं इंजिन तोच बघायचा. त्याचे आईबाप तो लहान असतानाच गेले होते. काकीनेच त्याला वाढवला, परशाच्या बरोबरीने, एका ताटात जेवायला घालून.

नारळी पौर्णिमा होऊन थोडेच दिवस झाले होते. समुद्र अजून पुरता निवला नव्हता, पण पहिल्या गेलेल्या बोटी पापलेटाने भरून आल्या होत्या, त्यामुळे बंदरात कोणाला घरी बसवत नव्हतं. 'सागरलक्ष्मी' सकाळी उशिरा गेली. दुपारनंतर वारा फिरला. परत येणाऱ्या एका बोटीने तिला खडपाच्या, म्हणजे पाण्यातल्या खडकांच्या, बाहेर पाहिलं. इंजिनाचा आवाज नव्हता, बोट आडवी होऊन वाहत होती, आणि कोणीतरी कपडा हलवत होतं. लाटा एवढ्या होत्या की त्यांना जवळ जाता आलं नाही. ते धक्क्याला लागून दुसऱ्या बोटी घेऊन गेले तेव्हा तिथे काही नव्हतं. पुढे फळ्या आल्या, एक बोया आला. माणसं आली नाहीत.

म्हणजे इंजिन बंद पडलं होतं, एवढं सगळ्यांना कळलं होतं. आणि त्याच दिवशी पहाटे त्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं जड झाकण, बसवलं होतं माझ्या वडिलांनी.

माझे वडील भिकाजी पांचाळ. आम्ही कोळी नव्हे. बाबा घाटाच्या पायथ्याच्या गावातून बंदरावर आले, धक्क्याजवळ पत्र्याची शेड बांधली आणि बोटींची इंजिनं दुरुस्त करत तिथेच म्हातारे झाले. माझं नि हरेशचं जमलं तेव्हा दोन्हीकडून कुरकुर झाली होती. शेवटी काकीनेच बाबांना सांगितलं होतं, "मिस्त्री, पोर दे. आमच्या घरात तिला माशाचा वास लागंल, बाकी काय लागणार नाय."

बोट गेली आणि लोक शेडवर चालून गेले. बाबा बाहेर आले, हात पुसायचं फडकं हातात तसंच. "मिस्त्री, काय केलंस तू त्या इंजिनाचं?" कोणीतरी ओरडलं. बाबा म्हणाले, "काम माझं होतं." एवढंच. पुन्हा विचारलं तरी तेवढंच. लोकांनी समजायचं ते समजून घेतलं. मीही.

काकीने मला घरात ठेवून घेतलं. फक्त म्हणाली, "ऱ्हायचं असंल तर त्या शेडच्या उंबऱ्यावर पाय टाकायचा नाय."

तिला ते सांगायची गरज नव्हती. मी बाबांचं तोंड बघणं सोडून दिलं. पाण्याला जायची वाट शेडवरून होती. बाबा दारात उभे असायचे. मी जवळ आले की हातातलं काम थांबायचं, मी पुढे गेले की परत सुरू व्हायचं. ते मला न बघताही ऐकू यायचं. बंदरातलं एकही इंजिन मग त्यांच्याकडे आलं नाही. ते सायकलवर हत्यारं बांधून वरच्या गावांत जायचे, सुपारीच्या वाड्यांवरचे पंप दुरुस्त करायला. माझ्या कानांना मात्र सारखं ते एकच इंजिन ऐकू यायचं. भाजी चिरताना, कपडे आपटताना मध्येच 'सागरलक्ष्मी'चा ठोका सुरू व्हायचा आणि मध्येच तुटायचा. मी हात थांबवून वाट बघायची. काकी विचारायची नाही. तिलाही काहीतरी ऐकू येत असावं.

असे दोन पावसाळे गेले. मग एका बोटीचं जाळं खडपाजवळ अडकलं, ते सोडवायला उतरलेल्या माणसाला खाली 'सागरलक्ष्मी'चा सांगाडा दिसला. माणसांचं काही नव्हतं. काकी म्हणाली, "इंजिन वर काढा." लोकांनी समजावलं, आता त्याचा काय उपयोग? काकीने कोणाचं ऐकलं नाही. मोठ्या ओहोटीला दोन बोटी लावल्या, पिंपं बांधली, आणि इंजिन वाळूवर आलं.

चिखल पुसून झाल्यावर काकी उठली. "कुमुद, हे तू उघडायचंस."

"मी?"

"तुला येतं. लग्नाआधी बापाच्या हाताखाली तूच होतीस ना? तालुक्याचा मिस्त्री आणला तर मिस्त्री मिस्त्रीला सांभाळून घेईल. तू नाय घेणार."

"आणि मी बापाला सांभाळून घेतलं तर?"

काकीने माझ्याकडे पाहिलं. "तुझा नवरा गेलाय," ती म्हणाली.

हत्यारं आणायला मला शेडमध्ये जावं लागलं. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिले. आत सगळं जिथल्या तिथे होतं, एकेक पाना आपापल्या खुंटीला. बाबा लाकडी पेटीवर बसून कुठल्याशा पंपाचा पंखा घासत होते. केस पार पांढरे झाले होते. दोन वर्षं मी रोज त्यांच्या दारावरून जात होते, पण हे पाहिलं नव्हतं.

"ये," ते म्हणाले.

"हत्यारं हवीत."

"कळलं मला. कशाला उघडताय? आता काय मिळणार हाय त्यात?"

"काकींना कळायला हवं. मलाही हवं."

"मी बोललो ना, काम माझं होतं."

"काय काम, बाबा? काय चुकलं त्यात? तेवढं कधी बोललात?"

ते घासत राहिले. मग हळू म्हणाले, "कुमुद, बुडलंय ते. बुडलेलं राहू दे."

मनात म्हटलं, म्हणजे खरंच. इतके दिवस खरं होतंच, पण आज त्यांनी ते माझ्या हातात दिलं. मी आत गेले. विचारलं नाही, सांगितलं नाही, खुंट्यांवरून मला हवे ते पाने काढून घेतले.

मी दाराशी पोचले तेव्हा ते पाठीमागून म्हणाले, "रॉकेल सोड आणि थांब. मुरू दे. ठोकाठोक करू नको. ठोकून बोल्ट तुटला तर तो आधी तुटलेला की आता, ते तुला कळणार नाय."

मी तशीच निघून आले. पण वाटेत ते डोक्यातून जाईना. ज्याला लपवायचंय तो असं कशाला सांगेल?

मी रॉकेल सोडत राहिले. सकाळी, संध्याकाळी. कालवं खरवडून काढली, टॅपेटचं झाकण उतरवलं, आतला चिखल धुतला. ते करताना हातांना जुनं सगळं आठवायला लागलं. आई गेल्यावर बाबा मला शेडमध्येच घेऊन बसायचे. तेलाच्या डब्यावर बसून मी त्यांना बोल्ट द्यायची. हेडचे बोल्ट म्हणजे त्यांचा देव्हारा. आधी रॉकेलमध्ये धुवायचे, तारेच्या ब्रशने आटे साफ करायचे, ब्लॉकमधली, म्हणजे खालच्या इंजिनाच्या अंगातली, भोकं फुंकून कोरडी करायची. मग आट्यांना तेलाचा एक थेंब, आणि एक बोल्टच्या डोक्याखाली. भोकात तेल साचलेलं चालायचं नाही.

"तेल कशाला?" मी विचारलं होतं.

"कोरडा बोल्ट आवळलास तर निम्मा जोर घासण्यातच जातो. पाना बोलतो आवळला, हेड बोलतं कुठे आवळला?"

मग आवळणी. मधल्या बोल्टपासून सुरुवात करायची आणि बाहेर बाहेर जायचं. "भाकरी कशी थापतेस? मधून कडेला. तसंच. कडेपासून सुरू केलंस तर मधे फुगा राहतो." एका दमात आवळायचं नाही. आधी हलक्या हाताने सगळे, मग थोडे घट्ट सगळे, आणि शेवटचा फेरा टॉर्क पान्याने. तो लांब दांड्याचा पाना ठरलेल्या जोराला आला की 'टक्' असा आवाज करतो. बाबांनी तो कुठल्याशा बंद पडलेल्या कारखान्यातून मिळवला होता आणि कोणाला हात लावू देत नसत, मला सोडून.

"टक् झालं की थांबायचं. अजून ओढलंस तर बोल्ट ताणतो. ताणलेला बोल्ट दिसायला तसाच असतो गो, पण त्याच्यात जीव नसतो उरलेला. कधी सोडंल सांगता येत नाय."

इंजिन उघडायचं त्या सकाळी अर्धं बंदर जमलं. काकीला बसायला कोणीतरी पाट आणला होता, ती बसली नाही. माझ्या समोर, इंजिनाच्या पलीकडे उभी राहिली. बाबाही आले होते. लांब, उपड्या घातलेल्या एका होडीपाशी. त्यांना कोणी जवळ ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

मी मधल्या बोल्टला बॉक्स पाना घातला आणि दोन्ही हातांनी सावकाश दाब दिला. काही झालं नाही. पुन्हा दिला. मग तो कण्हल्यासारखा आवाज करून सुटला. एकेक आटा फिरवत मी तो बाहेर काढला, फडक्याने पुसला आणि आट्यांवरून बोट फिरवलं.

बोट काळं झालं. तेल होतं. वर सगळं गंजलेलं, कालवं, मीठ, आणि खाली आट्यांत भिकाजी मिस्त्रीने लावलेलं तेल होतं तसं होतं.

"काय गो?" काकीने विचारलं.

"तेल लावलेलं आहे. हा बोल्ट बरोबर आहे."

"पुढचा काढ."

पुढचाही तसाच निघाला. त्याच्या पुढचाही. डोक्यांचे कोपरे धारदार, आटे काळे, तेलकट. मला माझंच आश्चर्य वाटत होतं. बापाचा गुन्हा शोधायला बसले होते, आणि एकेक बोल्ट नीट निघाला की छातीतून काहीतरी सैल होत होतं. वर बघायचं धाडस होत नव्हतं, कारण वर बघितलं असतं तर मी होडीकडे बघितलं असतं.

मग कडेच्या बोल्टांशी आले. इंजिनाच्या जड फिरत्या चाकाच्या बाजूचे, ज्यांच्यापाशी बोटीत उभं राहायला जागा असते. मी पाना घातला आणि तो निसटला. पुन्हा घातला, पुन्हा निसटला. मी डोकं खरवडून साफ केलं. कोपरे खाल्लेले होते. गंजाने नव्हे. लोखंड एका बाजूला दुमडलं होतं, जसा बसत नसलेला पाना जबरदस्तीने ओढला की दुमडतं. कानस मारून मारून मी पाना बसवला आणि बोल्ट काढला.

तो मधोमध बारीक झाला होता. ओढलेल्या गुळाच्या पाकासारखा. आटे एकमेकांपासून लांब गेलेले.

त्याच्या शेजारचा बोल्ट फिरवावाच लागला नाही. पाना लावला आणि डोकं हातात आलं. खालचा तुकडा ब्लॉकमध्येच राहिला होता. मी तुटलेला भाग निरखून पाहिला. आतपर्यंत गंज होता. जुनी तूट होती, समुद्राच्या आधीची.

मग चार माणसांनी हेड उचललं. खाली गॅस्केट होतं, हेड आणि ब्लॉकच्या मधला पातळ थर. मधोमध त्याच्यावरची कड्याची खूण गोल, सारखी उमटलेली. आणि कडेला, त्या तुटक्या बोल्टपाशी, सिलिंडरपासून इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेपर्यंत जळलेली काळी रेघ. तिथून पाणी आत गेलं होतं. तिथेच इंजिन मेलं.

काकी वाकून ती रेघ बघत होती, जणू तिला ती वाचता येणार होती.

"सांग," ती म्हणाली. "काय झालं सांग."

मी वर पाहिलं. बाबा होडीपासून पुढे आले होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. अगदी थोडी. नको.

आणि मी काही बोलायच्या आत तेच गर्दीतून पुढे आले, काकीच्या समोर उभे राहिले.

"जास्त आवळलं गेलं," ते म्हणाले. "शेवटच्या फेऱ्याला. साधा फिक्स पाना लावून त्याच्यावर पाइप चढवला नि ओढला. बोल्ट ताणले. एक तुटला. माझ्या हातून झालं."

काकीचा हात वर गेला. मारणार होती बहुतेक. बाबांनी तोंड फिरवलं नाही.

"बाबा," मी म्हटलं. "पाइप तुम्ही लावलात?"

"हो."

"हेडला? तुम्ही?"

"बोललो ना. घाई होती."

गर्दीत मागे कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. भिकाजी मिस्त्रीला घाई. आख्ख्या बंदराने या माणसाला शिव्या दिल्या होत्या त्या त्याच्या सावकाशीबद्दल. माझ्या लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरलेला असताना माझा बाप शेडला कुलूप लागलंय का ते बघायला गेला होता.

"टॉर्क पाना कुठे होता?"

बाबांनी वाकून वाळूवरचा एक बोल्ट उचलला.

"बाबा, टॉर्क पाना कुठे होता त्या दिवशी?"

"कुमुद, पुरे."

"खुंटीवर होता ना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तिथेच थांबायला हवं होतं. आजही मला ती नजर आठवते. पण माझ्या हातात तो ताणलेला बोल्ट होता, आणि दोन वर्षं मी मनातल्या मनात या माणसावर थुंकत आले होते.

"हे बाबांचं काम नाही, काकी," मी म्हटलं. "मधले बोल्ट त्यांनी लावलेत. त्यांना तेल आहे, कोपरे शाबूत आहेत. हे कडेचे कोणीतरी मागून ओढलेत, हाताला जवळ होते तेवढे. बोटीवर इंजिनाला हात लावणारं एकच माणूस होतं."

मला नाव घ्यायला लागलं नाही. काकीचा हात खाली आला.

बाबा वाळूवर बसले. त्यांनी सांगितलं ते मला नाही, काकीला नाही, इंजिनाला सांगितल्यासारखं सांगितलं. गॅस्केट बसवून त्यांनी दोन फेरे मारले होते. मग डिझेलच्या नळीचं वायसर फुटकं निघालं. ते आणायला ते बसने तालुक्याला गेले. जाताना हरेशला सांगितलं, शेवटचा फेरा मी येऊन मारतो, तोवर चालू करू नको. परत येताना बस रस्त्यात बंद पडली. ते चालत आले. धक्क्यावर पोचले तर बोट गेलेली होती, आणि शेडमध्ये टॉर्क पाना खुंटीला तसाच.

"भरती उतरायला लागली असंल," ते म्हणाले. "वाळू उघडी पडली असती तर दिवस गेला असता. पोराने विचार केला असंल, वायसर आजच्यापुरतं जुनंच चालंल, नि आवळायचंच हाय ना, आपण आवळू."

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?" मी ओरडले. "दोन वर्षं, बाबा! मी तुमच्या दारावरून जात होते रोज!"

"कोणाला सांगू? तू वाट बघत होतीस त्याची. आणि मग लोक आले. त्यांना कोणीतरी पाहिजे होतं. मी हरेशचं नाव घेतलं असतं तर तुला या घरात कोणी ठेवलं असतं? ज्याने नाखवा बुडवला, परशा बुडवला, त्याची बायको म्हणून?"

"मी तुमच्याकडे आले असते."

"आली असतीस. आणि रात्रंदिवस त्याला शिव्या दिल्या असत्यास. मेलेल्या माणसाला शिव्या देऊन बाई जगत नाय, कुमुद. मी जिवंत होतो. मला चालत होतं."

मी त्यांच्या शेजारी वाळूवर बसले, आणि खूप दिवसांनी त्यांच्या अंगाचा वास आला, रॉकेलचा नि घामाचा.

काकी अजून उभीच होती. मला वाटलं आता ती मला काहीतरी म्हणेल. चालती हो म्हणेल. मी त्याची तयारी केली होती. पण तिचं लक्ष आमच्याकडे नव्हतंच.

"पाइप म्हणजे..." ती म्हणाली. "लांबडा? गंजका? जाळं ओढायच्या रहाटाला लावायचा तो?"

बाबा म्हणाले, "तोच असंल. दुसरा नव्हता बोटीवर."

"मी होते," काकी म्हणाली.

तिचा आवाज इतका साधा होता की मला आधी कळलंच नाही ती काय बोलतेय.

"धक्क्यावर होते मी. डबे द्यायला आलेले. हरेश खाली वाकलेला. त्याने पाइप घातला नि ओढला, तर हलंना. मग परशा आला. त्याने पाठीमागून हरेशच्या कमरेला मिठी घातली नि दोघं मिळून ओढायला लागली. रस्सीखेच खेळल्यासारखी. परशाचा पाय घसरला नि दोघं एकमेकांच्या अंगावर पडली. तेलात माखली. आणि हसायला लागली. उठवंना त्यांना, इतकी हसत होती. नाखवापण हसला. तो कधी हसायचा नाय. मी वरून बोलले, पुरे रे मेल्यांनो, दृष्ट लागंल माझी."

ओहोटीचं पाणी लांब गेलं होतं. गर्दी हलत नव्हती.

"तेवढंच होतं माझ्याकडे," ती म्हणाली. "त्याच्यानंतरचं मी काय बघितलंच नाय. बोट सुटताना मी पाठ फिरवून घरी गेलेली. डोळे मिटले की मी तेच बघायची. दोघं पडतायत, हसतायत. तेवढं बघून झोपायची मी."

मग तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"कशाला सांगितलंस गो?"

मी हातातला बोल्ट वाळूवर ठेवला.

लोक पांगले. इंजिन काही दिवस वाळूवर तसंच पडून होतं, मग कोणीतरी भंगारात नेलं. बाबांकडे हळूहळू बंदरातली इंजिनं परत यायला लागली. आलेल्यांनी माफी मागितली नाही आणि बाबांनीही कधी तो विषय काढला नाही. त्यांचा हात थरथरायला लागला होता, म्हणून शेवटचा फेरा मी मारायची. ते शेजारी उभे राहून 'टक्' ऐकायचे. एकदाच, एका बोटीचं हेड बसवून झाल्यावर, आपणहून म्हणाले, "मी त्याला फक्त बोललो, मी येऊन मारतो. का मारायचा, ते नाय सांगितलं. तुला सांगितलं होतं. त्याला नाय." ते त्याच वर्षीच्या थंडीत गेले.

काकीने मला जा म्हटलं नाही. बाबांच्या शेडवर जायलाही तिने कधी मनाई केली नाही; उलट कालवण जास्त झालं की डबा भरून माझ्या हातात द्यायची. आम्ही दोघी त्याच घरात राहिलो, ती जाईपर्यंत. बाकी सगळं पहिल्यासारखं होतं. फक्त ती डोळे मिटायला घाबरायची. अंथरुणावर पडली की छताकडे बघत राहायची आणि थोड्या वेळाने म्हणायची, "कुमुद, बोल कायतरी."

मी बोलायची. आज बाजारात बोंबील कसे होते, कोणाच्या सुनेला दिवस गेले, देवळाच्या पायरीवर कोण कोणाशी भांडलं. ती हुं हुं करायची. कधी मध्येच विचारायची, मग काय झालं? मी नसलेलंही सांगायची. तिचे डोळे जड व्हायचे, उघडायचे, परत जड व्हायचे, आणि शेवटी श्वास संथ व्हायचा.

मग डोळे मिटायची पाळी माझी असायची.